पोलची नळी, डावी अमिनो आम्लं आणि किरणांचा हात

पोलवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात लॅबला आहे, एकोणीस हंगाम झाले. हा धागा ऊसदराचा नाही, हे आधीच सांगतो. तो शेजारी पेटलेला आहे, तिकडे जा.

परवा रात्रपाळीला एक नमुना आला. चार दिवस फडात पडलेला ऊस, आंबूस वास. नेहमीसारखा रस गाळून नळीत भरला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पोलॅरिमीटर म्हणजे ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश नळीतून सोडायचा आणि साखर तो किती वळवते ते बघायचं. शुद्ध साखर 26 ग्रॅम घ्या, 100 मिलीचं द्रावण करा, 200 मिमी नळीत भरा, काटा बरोबर शंभरावर. काट्यावरच्या या आकड्यालाच आम्ही 'पोल' म्हणतो. आमची सगळी दुनिया त्या काट्यावर चालते.

शिळ्या उसाचं पोल भरवशाचं नसतं. जंतू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करून ठेवतात, तो प्रकाश जोरात उजवीकडे वळवतो, म्हणजे खराब ऊस कागदावर चांगला दिसू शकतो. म्हणून आम्ल घालून, गरम करून पुन्हा बघितलं. काटा शून्य ओलांडून डावीकडे. साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ग्लुकोज उजवीकडे ओढतं, फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे. 'इन्व्हर्ट शुगर' हे नाव त्यामुळेच पडलं.

आमच्या शिकाऊ पोराने विचारलं, "सर, साखर उलटी झाली म्हणजे आरशातली साखर झाली काय?" नाही म्हटलं, ती वेगळी भानगड. खरं मग घरी जाऊन वाचत बसलो आणि अडकलो. आरशातली साखर निसर्ग करतच नाही म्हणे. आणि अमिनो आम्लांचं तर उलट, आपल्या प्रथिनांत सगळी डाव्या हाताची. वीसपैकी फक्त ग्लायसिनला हातच नाही, बाकी एकोणीस डावी. प्रयोगशाळेत साधेपणाने बनवली तर निम्मी डावी, निम्मी उजवी येतात. मग ही निवड केली कुणी?

एका ठिकाणी वाचलं की किरणोत्साराने. बीटा किरणांचे इलेक्ट्रॉन मुळातच डावखुरे असतात आणि त्यांनी एका हाताचे रेणू जास्त मोडले. ऐकायला झकास. पण पटेना. जाणकारांनी उजेड टाकावा.

उद्यमबाग_लेथ

वाचतोय. आरशातला रेणू म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर माई दुरुस्त करतील.

गॅस वेल्डिंगच्या सिलेंडरला रेग्युलेटर लावलाय कधी? ऑक्सिजनचा नट सरळ आट्याचा. ॲसिटिलीनचा उलट्या आट्याचा, वर खाचा पाडलेल्या असतात, अंधारात बोटाला कळावं म्हणून. दोन्ही नट पितळेचे, वजन तेच, माप तेच. तराजूत टाका, आगीत टाका, फरक नाही. फरक कळतो बोल्टवर चढवताना. प्रथिनांचं तसंच असावं. एकदा कारखान्यात सगळे बोल्ट उलट्या आट्याचे पाडले की सरळ आट्याचा नट भंगारात.

खानापूरची_माई

लेथवाले, दुरुस्तीला जागाच ठेवली नाहीत. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, हा नट कधी सुचला नाही.

पोलवाले, एक गोष्ट मात्र आधी नीट करून घेऊ, नाहीतर पुढे घोळ होईल. 'डावं अमिनो आम्ल' म्हणजे प्रकाश डावीकडे वळवणारं, असं नाही. ते नाव रेणूच्या बांधणीचं आहे. एल-अलानाइन पाण्यात प्रकाश किंचित उजवीकडे वळवतं. तुमचं फ्रुक्टोज बांधणीने डी, म्हणजे 'उजवं', आणि काटा मात्र डावीकडे नेतं. तुमच्या काट्याचं डावं-उजवं आणि रेणूच्या हाताचं डावं-उजवं, हे दोन वेगळे हिशेब.

आणि या सगळ्याची सुरुवात कुठे झाली? तुमच्याच नळीतून. बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1815 मध्ये दाखवलं की काही द्रवही प्रकाश वळवतात. मग 1848 मध्ये पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने निवडले, डावे एका ढिगात, उजवे दुसऱ्यात. वेगवेगळे विरघळवले, तर एक डावीकडे वळवणारा, दुसरा उजवीकडे. म्हाताऱ्या बिओला खरं वाटेना, त्याने पोराला बोलावून आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा करायला लावलं.

टार्टारिक आम्ल म्हटलं की आमच्याकडे पहिली आठवते चिंच. तिचा आंबटपणा बराचसा त्याचाच, आणि तोही एकाच हाताचा. आमटीत चिंच घालताना पाश्चर आठवावा इतकी मी वेडी नाही, पण आठवतो.

निपाणीकर

आमच्याकडची तंबाखू राहिली की ओ माई. निकोटीनसुद्धा जवळजवळ सगळं एकाच हाताचं असतं.

चंदगडी

मी सीमेच्या पलीकडून. आमच्याकडची अमिनो आम्लं उजवी आणि तुमच्याकडची डावी असं काही निघालं तर निकालाला पुन्हा तारीख पडेल.

संपादक

अवांतर नको. सीमाप्रश्नाला वेगळा विभाग आहे आणि तो भरलेला आहे.

कोबाल्ट_ताई

बेळगावात रेडिओथेरपीला टेक्निशियन आहे. आधीचं कोबाल्टचं मशीन माझ्या हाताखाली बरीच वर्षं होतं, म्हणून इथे तोंड घालते.

धाग्यातला 'डावखुरा इलेक्ट्रॉन' खरा आहे. 1956 मध्ये ली आणि यांग यांनी शंका काढली की निसर्ग आरशाशी प्रामाणिक असेलच असं नाही. चिएन-श्युंग वू यांनी ती तपासली, कोबाल्ट-60 वरच. शून्याच्या अगदी जवळ थंड केलेलं कोबाल्ट, चुंबकाने सगळी केंद्रकं एका दिशेला फिरवलेली, आणि इलेक्ट्रॉन कुठे उडतात ते मोजायचं. सारखे उडायला हवे होते. फिरण्याच्या उलट्या बाजूला जास्त उडाले. 1957 मध्ये हे जाहीर झालं, त्याच वर्षी ली-यांगना नोबेल. वूबाईंना नाही. (हे वाक्य लिहिताना माझा हात अजूनही जरा जड होतो.)

म्हणजे बीटा क्षयात बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन बहुतेक डाव्या स्क्रूसारखे. लेथवाल्यांच्या भाषेत, निसर्गाच्या या एका खात्यात उलट्या आट्याचाच माल निघतो.

पण लगेच उडी मारू नका. आमच्या मशीनमधून पेशंटपर्यंत जातो तो गॅमा. बीटा तर कोबाल्टच्या डबीतच अडकतो. आणि कोबाल्टची केंद्रकं डबीत वाट्टेल तशी वाकडीतिकडी पडलेली, त्यामुळे एकंदर गॅमाला हात उरत नाही. 'रेडिएशनने आमच्या अण्णांची प्रथिनं उलटी होतील का' असं कुणी विचारायच्या आत सांगून टाकते: नाही. कैगाच्या अणुवीजकेंद्रामुळेही नाही, कारण तो प्रश्न दर वेळी येतोच.

पोलवाला

ताई, मग तो इलेक्ट्रॉन रेणूला कसा निवडतो? मी वाचलं त्यात फेस्टर आणि उल्ब्रिख्त अशी नावं होती.

कोबाल्ट_ताई

हो. वूंचा प्रयोग आला आणि लगेच या दोघांनी विचार मांडला. इलेक्ट्रॉन पदार्थात घुसून आपटतो, वेग कमी होतो, त्यातून किरण निघतात. इलेक्ट्रॉन डावखुरा असेल तर या किरणांनाही हात येतो, म्हणजे ते पिळदार ध्रुवित असतात. असा पिळाचा किरण एका हाताचा रेणू जरा जास्त मोडेल, दुसरा जरा कमी. शेवटी उरला तो आपला. साखळी सुरेख आहे: केंद्रकातला डावेपणा, मग इलेक्ट्रॉनचा, मग किरणाचा, मग रेणूचा, मग आपला.

फक्त प्रयोगात ती सापडेना. त्यांनी स्वतः करून बघितलं, काही मिळालं नाही.

शंकेखोर

इथेच मला बोलायचं होतं. ही कल्पना सुंदर आहे म्हणून साठ वर्षं टिकली, पुराव्याने नाही.

1968 मध्ये गाराय नावाच्या संशोधकाने बीटा किरण सोडणाऱ्या स्ट्रॉन्शियम-90 शेजारी टायरोसिन हे अमिनो आम्ल ठेवून उजवं जास्त मोडल्याचं सांगितलं. इतरांना तसं मिळालं नाही. स्टॅनफर्डच्या विल्यम बॉनर यांनी या प्रश्नात आयुष्यातली कित्येक वर्षं घातली. 1975 मध्ये त्यांना ध्रुवित (एकाच हाताच्या) इलेक्ट्रॉनांनी ल्युसिन या अमिनो आम्लावर छोटासा फरक मिळाला, पुढे तोही इतरांना दिसला नाही. वर त्यांच्याच हाती आलं ते उलटंच: किरणोत्सार डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावंही करत बसतो. म्हणजे एका हाताने निवडायचं आणि दुसऱ्या हाताने मिसळायचं. अशा गड्याला तोडीला ठेवाल का कुणी?

खानापूरची_माई

शंकेखोर, गडी काढून टाकू नका, जरा थांबा. 2014 मध्ये नेब्रास्का विद्यापीठात ड्रायलिंग आणि गे यांनी ब्रोमोकॅम्फर या कापराच्या जातीच्या, हात असलेल्या रेणूच्या वाफेवर मंद गतीचे ध्रुवित इलेक्ट्रॉन सोडले. डावा-उजवा फरक मिळाला. किती? दहा हजारांत काही एक. पण मिळाला. तुमची साठ वर्षं ही 'अशक्य' असल्याची नव्हती, मोजमाप तितकं बारीक नसण्याची होती.

आता माझं मत. हात देण्याचं काम प्रकाशाकडून इलेक्ट्रॉनपेक्षा सोपं होतं. 1977 मध्ये बॉनर यांच्याच गटाने ल्युसिनवर पिळदार अतिनील प्रकाश टाकला आणि दोन-अडीच टक्क्यांचा कल मिळवला. फक्त त्यासाठी जवळजवळ तीन चतुर्थांश माल मोडावा लागला.

निपाणीकर

म्हणजे चार गाड्या ऊस आणायचा, तीन पेटवून द्यायच्या आणि चौथ्या गाडीत अडीच टक्के जास्त. शेतकरी संघटना बसू देईल काय?

खानापूरची_माई

तेच. पण तारे जिथे जन्मतात तिथे ऊस कुणाच्या मालकीचा नसतो. ओरायनच्या तारकानिर्मितीच्या ढगात, मृग नक्षत्राच्या खंजिरापाशी, 1998 मध्ये 17 टक्क्यांपर्यंत पिळदार ध्रुवित प्रकाश मोजला गेला. मोजला अवरक्त किरणांत, कारण अतिनील धुळीतून बाहेर येत नाही. त्यात एका भागात डावा पीळ, दुसऱ्या भागात उजवा. आपला सूर्य तसल्या ढगाच्या कुठल्या कोपऱ्यात जन्मला, त्यावर आपला हात.

आणि उल्का. 28 सप्टेंबर 1969 ला ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ पडली, तिच्यात आयसोव्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल निघालं. ते आपल्या प्रथिनांत नसतं, म्हणून 'हाताळताना लागलं असेल' हा आक्षेप फारसा चालत नाही. त्याची रचनाही अशी की सहजासहजी हात बदलत नाही. डावं जास्त निघालं, काही नमुन्यांत 18 टक्क्यांच्या आसपास.

शंकेखोर

माई, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. बेन्नू?

खानापूरची_माई

सांगते ना, श्वास तर घेऊ द्या. नासाच्या यानाने 2023 च्या सप्टेंबरात बेन्नू लघुग्रहावरची 121.6 ग्रॅम माती आणली. जानेवारी 2025 मध्ये निष्कर्ष आले. आपली वीसपैकी चौदा अमिनो आम्लं त्यात आहेत. आणि डावी-उजवी जवळजवळ निम्मी-निम्मी. जपानने आणलेल्या र्‍युगूच्या मातीतही तसंच. हे वाचलं त्या दिवशी मी खरोखर खट्टू झाले. वर्गात इतकी वर्षं मर्चिसन रंगवून सांगितला होता.

घटप्रभेचा_पाव्हणा

साधा माणूस आहे, साधा प्रश्न. किरणं तर आत्ताही आपल्यावर पडताहेत म्हणता. मग आत्ता का नाही निवड होत?

कोबाल्ट_ताई

पाव्हणं, प्रश्न साधा नाही. तळहात उताणा धरा. वातावरणात वर विश्वकिरण आपटून तयार झालेले म्यूऑन नावाचे कण त्यातून सेकंदाला साधारण एक या हिशेबाने आरपार जात आहेत. आपल्याच राज्यात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, यांच्यापासून लपून 1965 मध्ये न्यूट्रिनो पकडले होते.

आणि या म्यूऑननाही हात असतो, कारण तेही त्याच डावखुऱ्या खात्यातून जन्मतात. 2020 मध्ये नोएमी ग्लोबस आणि रॉजर ब्लँडफर्ड यांनी त्यावर नवं मांडलं. रेणू मोडून संपवण्याची गरजच नाही म्हणाले. सुरुवातीला डावी आणि उजवी अशी दोन्ही जीवसृष्टी असली असं धरा. म्यूऑन एकीत किंचित जास्त बदल घडवतील, दुसरीत किंचित कमी. जिच्यात बदल जास्त ती उत्क्रांतीत थोडी पुढे. असं लाखो पिढ्या. फरक कणभर, पण वेळ मणभर.

आज का नाही, तर आज दुसरी सृष्टी उरलीच नाही निवडायला.

शंकेखोर

हे मला फेस्टर-उल्ब्रिख्तपेक्षा जास्त पटतं. तपासायचं कसं ते मात्र कठीण.

उद्यमबाग_लेथ

माझ्या डोक्यात एक गोष्ट फिरतेय. सगळे 'पहिला धक्का कुणी दिला' हेच विचारताय. आमच्याकडे उलट अनुभव. एका शेडमध्ये दोन्ही आट्याचे नट एकाच पेटीत पडले होते. दोन दिवसांत पोरांनी वैतागून एका जातीचे सगळे उचलून बाहेर टाकले. कुठले टाकले? त्या दिवशी पेटीत जे दोन-चार कमी होते ते. कुणी किरण मारला नव्हता. मिसळ चालत नाही म्हटल्यावर कुठलं तरी एक जाणारच होतं.

पोलवाला

लेथवाले, हेच मला म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं.

काल रात्री याच्यावरच वाचत होतो. फ्रँक यांनी 1953 मध्येच कागदावर दाखवलं की रेणू स्वतःसारखेच रेणू बनवत असतील आणि विरुद्ध हाताच्याला अडवत असतील, तर निम्मी-निम्मी परिस्थिती टिकतच नाही. कुठलाही चिमूटभर कल वाढत जाऊन सगळं एका बाजूला. 1995 मध्ये जपानच्या सोआई यांनी तशी रासायनिक क्रिया प्रत्यक्ष करून दाखवली, आणि त्यांच्या पुढच्या प्रयोगांत नगण्य कलापासून जवळजवळ शंभर टक्के.

पण मला स्वतःला भिडलं ते 1990 चं. कोंडेपुडी यांनी सोडियम क्लोरेटचं द्रावण ठेवलं. शांत ठेवलं तर दोन्ही हातांचे स्फटिक सारखे आले. ढवळत ठेवलं तर प्रत्येक भांड्यात जवळजवळ सगळे एकाच हाताचे! या भांड्यात डावे, त्या भांड्यात उजवे, नेम नाही. पहिला स्फटिक बनतो, ढवळण्याने त्याचे कण सुटतात, ते सगळीकडे बीज होतात.

मी खूण पटून हसलो. पॅनमध्ये साखर उकळताना आम्ही बीज सोडतो ना, आणि ढवळ जास्त झाली तर नको ते बारीक दाणे सुटतात, 'फॉल्स ग्रेन' म्हणून पॅनमन शिव्या खातो, तेच हे. एकोणीस वर्षं डोळ्यांसमोर होतं.

तर माझा आजचा हिशेब असा. किरणांनी धक्का दिला असेल, नसेलही. दिला असला तरी तो पॅनमधल्या पहिल्या दाण्याएवढा. बाकी सगळं काम केलं ते ढवळणाऱ्याने. किरणाला दाण्याचं श्रेय द्या, पोत्याचं नको.

शंकेखोर

मान्य. फक्त एक फरक सोडू नका. धक्का निव्वळ योगायोगाचा असेल तर दुसऱ्या ग्रहावर उजवी सृष्टी निघू शकते. केंद्रकातल्या डावखुरेपणाचा असेल तर सगळीकडे आपलाच हात निघण्याकडे कल. म्हणून मंगळावर काही सापडलं तर मी पहिलं हेच विचारणार.

निपाणीकर

बरं, हात उलटा झाला तर आपल्याला कळतं काय कधी? म्हणजे जिभेला, नाकाला?

खानापूरची_माई

नाकाला नक्की. स्वयंपाकघरात जा. पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपाचा वास, दोन्हींत मुख्य एकच रेणू, कार्व्होन. एकात एका हाताचा, दुसऱ्यात दुसऱ्या. तराजूला न कळणारं नाकाला कळतं, कारण नाकातले बोल्टही एकाच आट्याचे.

पोलवाला

घरी काटा बघायचा असेल तर एक सोपी युक्ती. कॉम्प्युटरचा जुना सपाट मॉनिटर पांढरा ठेवा. पोलरॉइड गॉगलची एक काच समोर धरून फिरवा, एका जागी पडदा काळा होतो. आता मध्ये सपाट बाजूंची बरणी ठेवा. पाणी असेल तर काळाच राहील. साखरेचा घट्ट पाक असेल तर उजेड येतो. काच घड्याळाच्या दिशेने फिरवत जा, निळं, जांभळं, तांबूस असे रंग येतात. तेच तुमचं पोल. गूळ, काकवी नको, काळपट असतं, काही दिसत नाही.

घटप्रभेचा_पाव्हणा

केलं! नातवंडं आता गॉगल देईनात. सूनबाई म्हणते पाक परत डब्यात ओता.

चंदगडी

मीही केलं, पण पाकाऐवजी मध घेतला. चोर्ला घाटात रस्त्याकडेला घेतलेला, 'अस्सल रानातला' म्हणून शपथेवर. काच उजवीकडे फिरवल्यावर रंग आले, तुमच्या पाकासारखेच. बरोबर ना?

पोलवाला

…

खानापूरची_माई

चंदगडी, फुलांच्या मधात फ्रुक्टोज जास्त असतं. तो सहसा डावीकडे जातो. झाडावरच्या किडींच्या गोड स्रावापासून मधमाश्यांनी केलेला मध उजवीकडे जाऊ शकतो, म्हणून लगेच कुणावर आळ घेऊ नका.

चंदगडी

माई, त्या माणसाच्या मागे झाड नव्हतं. टपरी होती. बाजूला साखरेचं पोतं होतं, मी त्यावरच बसलो होतो.

पोलवाला

बाटली घेऊन या एखाद्या रात्रपाळीला. काट्यावर बघून देतो. पावती मिळणार नाही.